डावा खांदा

चार वाजता बाहेरचा मास्तर येणार होता, म्हणून धाकट्याने सकाळपासून दुकान आवरायला घेतलं होतं. म्हणजे एका कोपऱ्यातला पसारा उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेला होता. आवराआवर त्याला जन्मात जमली नाही. गोड बोलणं मात्र असं जमायचं की पँटची उंची कमी करायला आलेलं गिऱ्हाईक कोटाचं माप देऊन जायचं. आज त्याची जीभही चालत नव्हती. तो फळीवरची कापडाची ठाणं उगाच इकडची तिकडे करत होता आणि मधूनच बहिणीकडे बघत होता.

ताई मशीनमागे खाली मान घालून बसली होती. दातांच्या डॉक्टरांचा कोट न्यायला दुपारीच माणूस येणार होता आणि शेवटचं काज राहिलं होतं. बाहेरचा मास्तर आणायचं तिनेच सुचवलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्या वडिलांनी, आप्पांनी, जेवता जेवता जाहीर केलं, की आता आपल्याच्याने होत नाही, कापायच्या टेबलावर कुणाला बसवायचं ते ठरवा. सगळ्यांच्या माना ताईकडे वळल्या. ताईने ताटावरची नजर न काढता सांगितलं, की बाजारातल्या मोठ्या दुकानातला एखादा चांगला कटर आणा, मी त्याच्या हाताखाली शिवेन. त्यावर आप्पांनी पाण्याचा पेला चाचपून उचलला आणि पाणी प्यायले.

त्या घरात टेबलावर बसेल तो मास्तर. कोटाच्या आतल्या खिशावर नाव शिवायचं ते त्याचंच. गेली सात वर्षं कापत होती ताई, पण टेबलाशेजारी उभी राहून. टेबलामागचं उंच स्टूल आप्पांचं होतं आणि आप्पा दुकानात नसतानाही ती कधी त्यावर टेकली नव्हती. आता परका माणूस येऊन त्यावर बसणार होता आणि एकदा बसला की पुढची वीस वर्षं उठणार नव्हता. तोवर ताई सत्तरीला टेकली असती.

तिची लेक गेले पंधरा दिवस आईशी धड बोलत नव्हती. लहानपणी ती बटणांच्या रिकाम्या खोक्यातच झोपायची म्हणून तिचं नाव बटण पडलं आणि ग्रंथालयात नोकरीला लागून तीन वर्षं झाली तरी ते काही सुटलं नाही. ‘तूच कापतेस, तूच शिवतेस, आणि वर दुसऱ्याला बोलावून आणतेस,’ एवढं एकदाच म्हणून तिने तोंड मिटून घेतलं होतं.

ताईपाशी याचं उत्तर होतं, पण ते सांगायची तिला लाज वाटायची. उत्तर म्हणजे आप्पांचा खडू.

थोरल्या मास्तरांच्या वेळेपासून, म्हणजे आप्पांच्या वडिलांपासून, या दुकानातला एकही कपडा खडूखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. शिवून झालेला कोट मास्तरांच्या मांडीवर ठेवायचा. मास्तर हात फिरवणार, उलटा-सुलटा करणार आणि जिथे खोट असेल तिथे खडूची आडवी रेघ ओढणार. तेवढी शिवण उसवायची, पुन्हा घालायची, पुन्हा न्यायचं. मग मास्तर म्हणणार, ‘पाठवा.’ याच्यापलीकडे कौतुकाचा शब्द त्या दुकानाने ऐकला नव्हता. ताई शिकत होती तेव्हा रेघांनी कोट पांढरा व्हायचा. पुढे चारांत एखाद्या कोटावर रेघ पडायला लागली आणि तेव्हा ती मनात म्हणायची, येतंय आता आपल्याला. पण गेल्या पाच-सहा वर्षांत एकही कोट सुटला नव्हता. कधी कॉलर, कधी बाहीचा घेर, कधी अस्तर. तिला तर खोट दिसायचीसुद्धा नाही. नाही दिसत म्हणजे नजरही गेली, असं समजून तिने दोनदा डोळे तपासून घेतले होते, तेही भावजय नोकरीला होती त्याच डोळ्यांच्या दवाखान्यात. दोन्ही वेळा नंबर जुनाच निघाला. मग दोष हातातच आहे, असं तिने ठरवून टाकलं. रात्री अंथरुणावर पडून ती स्वतःचे हात बघायची आणि तिला त्यांची शिसारी यायची.

जेवणं उरकून सगळे खाली दुकानात आले. आप्पा भिंतीला हात लावत टेबलामागे गेले आणि स्टुलावर बसले. धाकट्याची बायको, जिला आप्पा लग्नाच्या पहिल्या दिवसापासून नर्सबाई म्हणत आणि त्यांच्या मागोमाग सगळं घर म्हणत असे, ती दाराशी उभी राहिली. तिला चारच्या पाळीला दवाखान्यात जायचं होतं, पण ती निघतही नव्हती आणि बसतही नव्हती.

धाकट्याने काचेच्या कपाटातला नमुन्याचा कोट बाहेर काढायला सांगितला होता. नवीन माणसाला आपल्या दुकानाचा हात कळायला हवा, असं त्याचं म्हणणं. गडद निळ्या कापडाचा तो कोट आप्पांनी तिसाव्या वर्षी एका प्रदर्शनासाठी शिवला होता आणि त्यावर पहिलं बक्षीस आणलं होतं. त्या कोटाकडे बघत ताई लहानाची मोठी झाली होती. बटणने तो बाहेर काढला, ब्रश फिरवला आणि लाकडी पुतळ्यावर चढवला.

“डॉक्टरांचा कोट झाला का?” आप्पांनी विचारलं. “आण इकडे. नवा माणूस यायच्या आत एवढा बघून टाकतो.”

ताईने दोरा तोडला आणि कोट बाजूला ठेवून कात्री जागेवर ठेवायला वळली. पुन्हा वळून पाहते तर बटणने पुतळ्यावरचा निळा कोट उतरवून आजोबांच्या मांडीवर ठेवला होता. डॉक्टरांचा तपकिरी कोट मशीनवर तसाच पडला होता.

ताईने बोलायला तोंड उघडलं. पण आप्पांचा तळवा कापडावर फिरायला लागला होता आणि तिला एक मोह झाला. आयुष्यात एकदा तरी, खोट नसलेला कोट हाताखाली आल्यावर आप्पा काय म्हणतात, ते तिला ऐकायचं होतं. आपल्याला नसेना, कोटाला तरी म्हणतील. ती जागच्या जागी उभी राहिली.

आप्पांनी कॉलर चाचपली. बाह्या ओढून पाहिल्या. त्यांचा हात डाव्या खांद्यावर आला आणि तिथे बराच वेळ राहिला. मग त्यांनी खिशातला खडू काढला आणि निळ्या कापडावर आडवी रेघ ओढली.

“खांदा ओढतोय,” ते म्हणाले. “उसव.”

धाकट्याच्या हातातलं ठाण उलगडत जमिनीपर्यंत गेलं. तो पुढे होऊन काहीतरी म्हणणार, तोच नर्सबाईने त्याचं मनगट धरलं. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. ताईने आप्पांच्या मांडीवरून कोट उचलला, सवयीने ‘बरं’ म्हणाली आणि मागच्या इस्त्रीच्या खोलीत गेली.

तिच्या मागून बटण आली आणि तिच्या मागून नर्सबाई. नर्सबाईने दार लोटून घेतलं.

“मी मुद्दाम दिला,” बटण म्हणाली. “गेल्या महिन्यात त्यांनी उलट्या बाजूने धरलेल्या कोटावर रेघ ओढली, अस्तरावर. आणि तू तेवढं अस्तर उसवत बसलीस. मी बघत होते.”

“म्हाताऱ्या माणसाची अशी परीक्षा घेतात?” ताई म्हणाली. “चार माणसांत?”

“मग काय करायचं? तुला सांगून तू ऐकणार होतीस?”

नर्सबाई इस्त्रीच्या टेबलाला टेकली. पाच वर्षं पोटात ठेवलेलं आता ठेवणं शक्य नव्हतं, तिने भराभर सांगून टाकलं. आप्पांना मधलं दिसत नव्हतं. कडेकडेचं दिसायचं, म्हणून ते घरात वावरायचे, माणूस आला-गेला ओळखायचे. पण समोर धरलेल्या वस्तूच्या जागी नुसता डाग. टाका तर सोडाच, कोटाचं बटणसुद्धा नाही. तिनेच त्यांना दवाखान्यात नेलं होतं, धाकट्यालाही न कळवता. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर यायची नाही. परतताना रिक्षात त्यांनी तिच्याकडून वचन घेतलं होतं.

“दोनदा माझे डोळे तपासलेस,” ताई म्हणाली. “अक्षरं वाचून घ्यायला तूच उभी होतीस समोर.”

“हो.”

“तेव्हाही नाही सांगावंसं वाटलं?”

“रोज वाटायचं, ताई. पण ते म्हणाले, हे कळलं तर मी या घरात भिंतीला टेकवलेली काठी. रडले हो माझ्यासमोर. मी माझ्या बापालाही रडताना पाहिलं नव्हतं.” नर्सबाईने पदराने नाक पुसलं. “तुम्ही उसवत बसायचा, तेव्हा मी वर निघून जायची. बघवायचं नाही.”

ताईला राग यायला हवा होता. तिने वाट पाहिली, पण राग आला नाही. पाच वर्षांत तिने काय काय उसवलं होतं ते तिला आठवायला लागलं. एका नवरदेवाचा कोट, ज्याची कॉलर तिने तीनदा काढली होती. एका म्हाताऱ्या वकिलाचा काळा कोट. चांगल्या शिवणी होत्या त्या. चांगल्या आहेत असं तिला दिसत होतं, आणि दिसत असताना तिने स्वतःच्या हाताने ब्लेड घालून त्या फाडल्या होत्या. आणि त्याच्या आधीच्या रेघा? आप्पांना दिसत होतं तेव्हाच्या? त्यातल्या किती खऱ्या, हे आता कुणाला विचारणार?

बटण जवळ आली. तिने आईच्या हातातला कोट घ्यायला हात पुढे केला, पण ताईने तो सोडला नाही.

“तू एक झगा शिवला होतास,” ताई एकदम म्हणाली. “ठिपक्यांचा. चौदा वर्षांची असशील.”

“तेरा.”

“काय चुकलं होतं त्यात?”

“मला नाही माहीत, आई. चार ठिकाणी खडू लावलास आणि म्हणालीस उसव. मी उसवला. मग पुन्हा नाही शिवला.”

ताईला तो झगा डोळ्यांपुढे आणता येईना. ठिपके आठवत होते, गळ्याची गोट आठवत होती, खोट आठवत नव्हती. बहुधा नव्हतीच. लेकीचा कपडा हातात आल्यावर खडू लावतात, एवढंच तिला माहीत होतं, म्हणून तिने तो लावला होता. तिला इतकी शरम वाटली की तिने लेकीकडे पाठ केली आणि कोट घेऊन बाहेर आली.

दुकानात धाकटा आप्पांपासून चार हात लांब उभा होता. ताईला पाहताच तो सुटल्यासारखा दाराकडे सरकला. आप्पा तसेच बसले होते, खडू बोटांत धरून.

“आप्पा,” ताईने कोट त्यांच्या मांडीवर ठेवला, “हा कोट कुणाचा आहे?”

“माझा,” आप्पा म्हणाले. “हातात घेतला तेव्हाच कळलं. हे कापड आता मिळतं कुठे?”

धाकट्याने दारातून मान वळवली. ताईलाही हे अपेक्षित नव्हतं.

“मग रेघ का ओढलीत?”

“कारण खांदा ओढतोय.” आप्पांचा अंगठा रेघेवरून फिरला आणि खडू पुसट झाला. “प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी थोरल्यांपुढे ठेवला होता. त्यांनी इथेच रेघ ओढली. डावा खांदा. उसवायला वेळ नव्हता, मी रेघ झटकली आणि तसाच नेला. बक्षीस मिळालं. परीक्षकांना नाही दिसलं. घरी आलो तर थोरले म्हणाले, लोकांना फसवून आलास. त्या दिवसापासून मी कपाटाकडे पाठ करून बसतो, तुझ्या लक्षात आलं नाही कधी.”

ते खरं होतं. स्टूल कायम तसंच मांडलेलं असायचं आणि सगळ्यांना वाटायचं, उजेडासाठी.

“आणि माझ्या कोटांवरच्या रेघा?” ताईने विचारलं. “नर्सबाईने सांगितलं मला सगळं.”

आप्पांनी चेहरा दाराच्या दिशेने वळवला, कडेच्या नजरेने सून दिसते का ते पाहायला. ती दिसली नाही. मग त्यांचे खांदे उतरले.

“कुठेही ओढायचो,” ते म्हणाले. “हाताला काही लागायचंच नाही. तुझी शिवण हाताला लागत नाही.”

“मग तसं सांगायचं होतं.”

“सांगितलं असतं तर दुसऱ्या कोटाला माझ्याकडे कशाला आली असतीस?”

ताई उभीच राहिली. इतकी वर्षं ज्या शब्दासाठी ती झुरली होती तो आला होता, पण असा आला होता की उचलून घ्यावासा वाटेना. समोरचा म्हातारा तिच्या हातांवर जगला होता. तिचे हात लुळे करून ठेवल्याशिवाय त्याला आपण आहोत असं वाटत नव्हतं. आणि त्याचा बाप त्याच्याशी तसाच वागला होता. तिला त्याची चीड आली आणि कीवही आली, दोन्ही एकदम. म्हणून तिने तिला येत होतं ते केलं. तिने निळा कोट उचलला, पुतळ्यावर चढवला आणि पुतळा ओढून खिडकीपाशी नेला.

दुपारचं ऊन सरळ खांद्यावर पडलं. ताईने चष्मा पुसला. समोरून पाहिलं, मागून पाहिलं. बाही जराशी उचलून सोडली. जोडावरून नख फिरवलं, मग उजवा खांदा आणि डावा खांदा टेपने मापले. खाली वाकून कापडाचे उभे-आडवे धागे पाहिले. ते कुठेही तिरके गेले नव्हते. पुन्हा एकदा पाहिलं. कुणाला तरी विचारावं म्हणून तिचा हात सवयीने टेबलाकडे वळला होता, तो तिने मागे घेतला.

“आप्पा,” ती म्हणाली, “खांदा ओढत नाहीये.”

“नीट बघ.”

“बघितला. दोनदा बघितला. मापलाही. सरळ आहे. असा खांदा मला अजून जमलेला नाही.”

आप्पांचे ओठ हलले. क्षणभर त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उघडा पडला आणि ताईला वाटलं, आता हा माणूस विश्वास ठेवेल. पन्नास वर्षांचं ओझं आत्ता या स्टुलावरून खाली ठेवेल.

मग त्यांनी मान हलवली. “तुला नाही कळायचं ते,” ते म्हणाले. “खोट दिसायला मास्तराची नजर लागते.”

हे ते लागट बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. तिच्या शब्दाला वजन येऊ नये म्हणून त्यांनी पाच-सहा वर्षं खडू झिजवला होता, आणि आज त्यांना त्याच शब्दाची गरज होती तर तो त्यांच्यासाठी हलकाच राहिला. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने पुसलं नाही, त्यांना दिसणार नव्हतंच.

दारावर टकटक झाली. डॉक्टरांचा माणूस कोट न्यायला आला होता. धाकट्याने आत पाहिलं, आधी आप्पांकडे आणि मग बहिणीकडे, आणि काय करायचं असं भुवयांनीच विचारलं. जन्मात पहिल्यांदा त्याने तिला विचारलं होतं.

ताईने मशीनवरचा तपकिरी कोट उचलला. उजेडात धरला. कॉलर पाहिली, खांदे पाहिले, नुकतंच केलेलं काज पाहिलं. आपलं चुकत असेल तर, असं मनात आलंच, ते काही एका दुपारीत जाणार नव्हतं. उजव्या बाहीच्या अस्तरात एक टाका सैल होता. तो तिने तिथेच उभ्याने घट्ट केला. बाकी कोट चांगला होता. तिने त्याची घडी घातली, कागदात गुंडाळला, दोरी बांधली आणि धाकट्याच्या हातात दिला.

“पाठव,” ती म्हणाली. “आणि त्या मास्तरांना फोन कर. यायचे कष्ट घेऊ नका म्हणावं.”

“काय कारण सांगू?”

“जागा रिकामी नाही, सांग.”

इस्त्रीच्या खोलीच्या दारात बटण उभी होती, तिच्यामागे नर्सबाई. दोघींपैकी कुणीही पुढे आली नाही. धाकटा पुडकं घेऊन बाहेर गेला आणि दार बंद झाल्याचा आवाज आला. आप्पांनी त्या आवाजाकडे मान वळवली.

“डॉक्टरांचा कोट गेला का?”

“गेला.”

“मी बघितला नाही तो.”

“मी बघितला, आप्पा.”

आप्पांनी मांडीवर दोन्ही तळवे उताणे ठेवले होते, कोट ठेवायला माणूस येतो तेव्हा ठेवायचे तसे, आणि खडू उजव्या तळव्यावर पडून होता. ताई पुतळ्यापाशी गेली आणि निळ्या कोटावरची रेघ ब्रशने झटकायला लागली. कापड जुनं होतं, खडू आत मुरला होता, बराच वेळ घासला तरी डाव्या खांद्यावर पुसटसं पांढरं राहिलंच.